न्यूटोनियन दुर्बिणीचं कोलिमेशन: कॅमेऱ्याला पुरेल इतकं नेमकं

न्यूटोनियन दुर्बीण, म्हणजे तळाशी मोठा मुख्य आरसा आणि तोंडाजवळ प्रकाश बाजूला वळवणारा छोटा दुय्यम आरसा असलेली दुर्बीण, डोळ्याने पाहताना बरंच खपवून घेते. ग्रह दृश्याच्या मधोमध ठेवला आणि तिथली प्रतिमा कडक आली की काम भागतं. कडेला तारे शेपटी काढत असले तरी तिकडे कुणी बघत नाही. कॅमेरा मात्र चारही कोपऱ्यांचा हिशोब मागतो. एफ/४ किंवा एफ/५ ची दुर्बीण (फोकल लांबी व्यासाच्या चौपट किंवा पाचपट), तिला कोमा, म्हणजे कडेच्या ताऱ्यांना येणारी शेपटी, काढणारं भिंग (कोमा करेक्टर) आणि एपीएस-सी आकाराचा सेन्सर अशी जोडणी असेल, तर डोळ्याला निर्दोष वाटलेलं कोलिमेशन (आरशांची जुळणी) फोटोत हमखास उघडं पडतं. मध्यभागी तारे बारीक, गोल. एका कोपऱ्यात लांबट, फुगलेले.

या लेखातली सगळी गणितं २०० मिमी व्यासाच्या, ८०० मिमी फोकल लांबीच्या एफ/४ दुर्बिणीसाठी आहेत. तुमची दुर्बीण वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

जुळवायचं काय

कोलिमेशन म्हणजे दोन रेषा एकमेकींवर आणणं. पहिली रेषा फोकसरचा, म्हणजे कॅमेरा बसतो त्या सरकत्या नळीचा अक्ष. ती दुय्यम आरशावरून वळून मुख्य आरशाच्या बरोबर मध्यावर पडायला हवी, आणि हे काम दुय्यम आरशाच्या स्क्रूंचं. दुसरी रेषा मुख्य आरशाचा प्रकाशीय अक्ष. तो दुय्यम आरशावरून वळून फोकसरच्या बरोबर मध्यातून बाहेर यायला हवा, आणि हे काम मुख्य आरशाच्या स्क्रूंचं. बाकी सगळं, म्हणजे वर्तुळात वर्तुळ दिसणं, आरसा नळीच्या मधोमध असणं वगैरे, या दोन रेषांच्या मानाने दुय्यम आहे.

दोन्ही रेषांच्या चुकांचा परिणाम वेगवेगळा होतो, म्हणून त्यांची सूटही वेगळी मोजावी लागते.

मुख्य आरशाचा अक्ष चुकला की कोमा फ्रेमच्या मध्यात शिरतो. पॅराबोलिक आरशाचं कोमामुक्त क्षेत्र फार लहान असतं: त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये साधारण ०.०२२ गुणिले फोकल गुणोत्तराचा घन. एफ/८ ला हे क्षेत्र ११ मिमी भरतं, एफ/५ ला २.७५ मिमी आणि एफ/४ ला जेमतेम १.४ मिमी. या व्यासाच्या पाव हिश्श्याइतकी चूक चालवून घ्यावी असा प्रघात आहे. म्हणजे एफ/६ ला १.२ मिमी, एफ/५ ला ०.७ मिमी आणि एफ/४ ला ०.३५ मिमी. करेक्टर लावला म्हणून ही सूट वाढत नाही. करेक्टर स्वतःच्या अक्षाभोवती उलट कोमा निर्माण करतो, तर आरसा स्वतःच्या अक्षाभोवती. हे दोन अक्ष एकमेकांपासून सरकले तर सगळ्या फ्रेमभर एकाच दिशेचा, एकसारखा कोमा शिल्लक राहतो.

फोकसरचा अक्ष चुकला तर फोकसचं प्रतल सेन्सरला तिरकं होतं. फोकसरची रेषा मुख्य आरशाच्या मध्यापासून ३ मिमी बाजूला पडते असं समजा. कोन झाला ३ भागिले ८००, म्हणजे ०.००३७५ रेडियन. एपीएस-सी सेन्सरचा कोपरा मध्यापासून सुमारे १४ मिमी दूर असतो, तेव्हा त्या कोपऱ्यात फोकस ५२ मायक्रॉनने चुकतो. एफ/४ ला हिरव्या प्रकाशात फोकसची एकूण सूट ४.८८ गुणिले तरंगलांबी गुणिले गुणोत्तराचा वर्ग, म्हणजे ४३ मायक्रॉन; दोन्ही बाजूंना मिळून, एका बाजूला २१. त्यामुळे ३ मिमीची चूक कोपरा बिघडवायला पुरेशी आहे. लक्ष्य १ मिमीच्या आत, म्हणजे आरशाच्या व्यासाच्या अर्धा टक्का ठेवावं. नुसत्या डोळ्याने पाहणाऱ्याला ५-६ मिमीची चूक जाणवतही नाही. डोळ्यासाठी लिहिलेल्या सूचना फोटोला अपुऱ्या पडतात त्या इथे.

अवजारं आणि आधी त्यांची परीक्षा

लागतं ते इतकंच: मध्ये बारीक छिद्र असलेलं कोलिमेशन कॅप किंवा तारांची फुली असलेली साइट ट्यूब, लेझर कोलिमेटर, एक २एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग), योग्य मापाच्या अ‍ॅलन की, रंगीत कागद, पट्टी. चेशायर (आतल्या उजळ कड्याने मध्यखूण दाखवणारी बघायची नळी) असेल तर लेझरच्या निकालाची उलटतपासणी करता येते. ऑटोकोलिमेटर हे अतिशय संवेदनशील साधन आहे, पण यंत्रभाग डळमळीत असताना त्याचा काही उपयोग नाही.

लेझर बाजारातून आला म्हणजे सरळ असतो असं नाही. दोन खिळ्यांच्या जोड्या फळीवर ठोकून व्ही आकाराची खोबण करा, त्यात लेझर ठेवा, ५-६ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि लेझर स्वतःभोवती हळूहळू फिरवा. ठिपका वर्तुळ काढतो. ६ मीटरवर वर्तुळाचा व्यास ६ मिमी असेल तर किरण ३ मिमीने तिरका आहे, आणि दुर्बिणीतल्या ८०० मिमी वाटेत ती चूक ०.४ मिमी होते. हे चालेल. वर्तुळ ३० मिमीचं असेल तर चूक २ मिमी, म्हणजे १ मिमीचं आपलं लक्ष्य लेझरनेच दुपटीने ओलांडलं. बहुतेक लेझरच्या बाजूला मेणाने किंवा रबराने झाकलेले तीन बारीक स्क्रू असतात. ते थोडे थोडे फिरवून वर्तुळ लहान करता येतं.

दुसरा शत्रू म्हणजे अ‍ॅडॅप्टरमधली ढिलाई. २ इंचाच्या फोकसरमध्ये १.२५ इंचाचं अ‍ॅडॅप्टर आणि त्यात लेझर घातला की स्क्रू आवळताना लेझर एका बाजूला झुकतो. लेझर तीनदा काढून घाला. दर वेळी ठिपका वेगळीकडे पडत असेल तर त्या ठिपक्यावर भरवसा ठेवू नका. चहूबाजूंनी सारखं आवळणारं अ‍ॅडॅप्टर हा चांगला उपाय आहे. कॅमेरा ज्या आट्यांवर बसतो त्याच आट्यांवर लेझर बसवता आला तर त्याहून उत्तम, कारण मग मोजमाप त्याच अक्षाचं होतं ज्यावर सेन्सर बसणार आहे.

लेझर १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा घ्या आणि किरणाच्या रेषेत डोळा कधीही आणू नका. आरशावरून परतलेला किरणही किरणच असतो.

मध्यखूण

कोलिमेशनचा सगळा डोलारा मुख्य आरशावरच्या खुणेवर उभा असतो. खूण मध्यापासून जितकी सरकलेली, त्याच्या साधारण निम्मी चूक फोकसपाशी येते. एफ/४ ला ०.३५ मिमीची सूट असताना खूण १ मिमीने चुकली तर ०.५ मिमी तिथेच गेले. कारखान्यातली खूण एकदा तरी मोजून पाहा.

आरसा काढल्यावर त्याच्याच व्यासाचं वर्तुळ ट्रेसिंग पेपरवर नेमकं कापा, दोनदा घडी घालून मध्य काढा, तिथे टाचणीने छिद्र पाडा. कागद आरशावर हलकेच ठेवून कडा सगळीकडून जुळवा आणि छिद्रातून मार्करचा बारीक ठिपका द्या. त्या ठिपक्याभोवती फाइलच्या कागदाला लावायची गोल रिंग चिकटवा. आरशाच्या या भागावर दुय्यम आरशाची सावलीच पडत असल्यामुळे प्रतिमेवर खुणेचा काही परिणाम होत नाही. मार्कर ओढताना कागद सरकतो, म्हणून शेवटी चार दिशांनी कडेपर्यंतचं अंतर मोजा. पट्टी प्लास्टिकची, आणि आरशाला न टेकवता.

आधी यंत्रभाग

आरसा बाहेर आहेच, तर त्याच्या क्लिपा पाहा. क्लिपांनी आरसा पडू द्यायचा नाही, पण दाबायचाही नाही. क्लिप आणि आरसा यांच्यात पोस्टकार्ड सहज सरकावं. दाबल्या गेलेल्या आरशामुळे तारे त्रिकोणी येतात आणि कितीही कोलिमेशन केलं तरी ते तसेच राहतात. याउलट, बाजूच्या आधारांत आरसा खुळखुळत असेल तर दुर्बीण आकाशात वळली की तो सरकतो.

मुख्य आरशाखालच्या स्प्रिंगा मऊ असतील तर बदला. स्वस्त दुर्बिणींत कोलिमेशन टिकत नाही त्याचं सर्वांत मोठं कारण याच स्प्रिंगा असतात. जाड तारेच्या, कडक स्प्रिंगा लावल्या की लॉक स्क्रूंची गरजच बरीचशी संपते.

दुय्यम आरशाच्या धारकात मधला एक मोठा बोल्ट आरसा ओढतो आणि तीन लहान स्क्रू त्याला ढकलतात. या तिघांची टोकं मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये खड्डे पाडतात. मग स्क्रू थोडा फिरवला की टोक पुन्हा जुन्या खड्ड्यात घसरतं आणि आरसा भलतीकडे वळतो. टोकांखाली स्टीलचा सपाट, रुंद वॉशर घाला. इतक्या स्वस्तात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

फोकसरची परीक्षा लेझरनेच होते. लेझर बसवा, ठिपका मुख्य आरशावर कुठे आहे ते पाहा, आणि ड्रॉ-ट्यूबच्या (फोकसरच्या आत-बाहेर सरकणाऱ्या नळीच्या) टोकाला बोटाने कॅमेऱ्याच्या वजनाइतका, म्हणजे साधारण एक किलोचा दाब द्या. ठिपका २-३ मिमी सरकला आणि बोट काढल्यावर परत आला, तर फोकसर किंवा त्याच्याखालचा नळीचा पत्रा वाकतो आहे. फोकसरचा ताणाचा स्क्रू आवळून पाहा. तरी सरकत असेल तर नळीच्या आतून फोकसरच्या पायाखाली जाड पट्टी लावावी लागेल. हे आटोक्यात येईपर्यंत पुढच्या पायऱ्या म्हणजे वेळेचा अपव्यय.

स्पायडरच्या (दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या) समोरासमोरच्या पाती एका सरळ रेषेत आहेत का तेही आत्ताच बघून घ्या. त्या तिरक्या असतील तर तेजस्वी ताऱ्यांचे काटे दुहेरी फुटतात.

पायरी १: फोकसर नळीला काटकोनात

दुय्यम आरसा काढून लेझर लावा. ठिपका नळीच्या समोरच्या भिंतीवर, आतून, पडेल. फोकसरचा मध्य नळीच्या तोंडापासून जितका दूर, तितकाच ठिपकाही दूर असायला हवा. आडव्या दिशेसाठी नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून अर्धा परीघ मोजा. १-२ मिमीचा फरक सोडून द्या. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने हा काटकोन अनिवार्य नाही. फोकसर थोडा तिरका असला तरी दुय्यम आरसा ते सांभाळून घेतो. फरक ५ मिमीच्या पुढे असेल तरच पायाखाली पातळ पत्र्याचे तुकडे घाला.

पायरी २: दुय्यम आरशाची जागा

इथून पुढे दुय्यम आरशावर काम करताना नळी नेहमी आडवी ठेवा आणि अ‍ॅलन की मनगटाला दोऱ्याने बांधा. उभ्या नळीत हातातून सुटलेली की थेट मुख्य आरशावर पडते.

दुय्यम आरशामागे, नळीच्या समोरच्या भिंतीला एका रंगाचा कागद लावा. दुय्यम आणि मुख्य आरशाच्या मध्ये दुसऱ्या रंगाचा कागद आडवा उभा करा. आता साइट ट्यूबमधून पाहिलं तर मुख्य आरशाची गोंधळात टाकणारी प्रतिबिंबं गायब होतात आणि फक्त दुय्यम आरशाची कड स्वच्छ दिसते. ट्यूब आत-बाहेर करून तिची कड आरशाच्या कडेपेक्षा किंचितच मोठी दिसेल असं ठेवा. दोन कडांमधली फट चहूकडून सारखी हवी.

आरसा मुख्य आरशाच्या बाजूला किंवा तोंडाच्या बाजूला सरकलेला असेल तर तीन स्क्रू सैल करून मधल्या बोल्टने जागा बदला. तो लंबगोल दिसत असेल तर धारक स्वतःभोवती फिरवा. डोळा इथे सहज फसतो, म्हणून कॅपच्या छिद्राला मोबाइलचा कॅमेरा लावून फोटो घ्या आणि पडद्यावर दोन वर्तुळं काढून ताडून पाहा.

४५ अंशातल्या आरशाचा भौमितिक मध्य आणि त्यावर पडणाऱ्या शंकूचा मध्य एक नसतात. म्हणून आरसा मुख्य आरशाकडे आणि फोकसरपासून दूर असा थोडा सरकवावा लागतो. सरक दोन्ही दिशांना साधारण दुय्यम आरशाचा लघुअक्ष (लहान व्यास) भागिले गुणोत्तराची चौपट. ७० मिमीच्या आरशाला एफ/४ वर ४.४ मिमी. मुख्य आरशाकडची सरक वर सांगितलेल्या पद्धतीने आपोआप होते, कारण फोकसरमधून आरसा मधोमध दिसण्याचाच तो अर्थ आहे. फोकसरपासून दूरची सरक नाही दिली, धारक नळीच्या मध्यातच ठेवला, तरी कोलिमेशन पूर्ण नेमकं होतं. फक्त प्रकाशीय अक्ष नळीला किंचित तिरका राहतो. त्याने फोटोला काही होत नाही.

एक सल्ला. या पायरीवर अनेकांची अख्खी संध्याकाळ जाते आणि खरं तर चारही पायऱ्यांत ही सर्वांत कमी महत्त्वाची. दुय्यम आरसा सपाट आहे. तो १ मिमी इकडे-तिकडे असला तर तारे बिघडत नाहीत, फक्त फ्रेमवर प्रकाश थोडा असमान पडतो, आणि तो फ्लॅट फ्रेमने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोने) निघून जातो.

पायरी ३: दुय्यम आरशाचा कल

मधले कागद काढा, लेझर लावा आणि दुय्यम आरशाच्या तीन स्क्रूंनी ठिपका मध्यखुणेच्या रिंगेत आणा. क्रम असा: एक स्क्रू सैल करा, मग उरलेले दोन आवळा. आधी आवळायला गेलात तर धारकावर ताण येतो आणि रात्री गारव्यात तो आपोआप सुटतो.

हात किती हलका लागतो याचा अंदाज असावा. एम४ स्क्रूचा पिच ०.७ मिमी असतो. स्क्रू धारकाच्या मध्यापासून १६ मिमीवर असतील तर एक अष्टमांश फेरा आरसा सुमारे ०.००३६ रेडियन झुकवतो. परावर्तनात कोन दुप्पट होतो आणि ६०० मिमीवरच्या मुख्य आरशावर ठिपका ४ मिमीहून जास्त सरकतो. १ मिमीचं लक्ष्य गाठायचं तर फेऱ्याचा बत्तिसावा भाग पुरतो. की फिरवायची नाही, नुसती लवली असं वाटलं पाहिजे.

ठिपका रिंगेत आल्यावर पायरी २ पुन्हा बघा. धारक फिरलेला असेल आणि त्याची भरपाई स्क्रूंच्या कलाने झाली असेल, तर ठिपका मध्यावर पण आरसा लंबगोल, असं चित्र दिसतं. एक-दोन फेऱ्यांत दोन्ही जुळतात.

कॅपमधून आता पाहिलं तर मुख्य आरशात दुय्यम आरशाची काळी आकृती दिसेल, आणि ती मध्यावर नसेल. मुख्य आरशाच्या बाजूला झुकलेली असेल. एफ/४ ला हा झुकाव ठळक असतो आणि तो योग्यच आहे. ही आकृती मध्यावर आणायच्या नादात लोक चांगलं कोलिमेशन मोडतात.

पायरी ४: मुख्य आरसा, बार्लोसह लेझरने

साध्या लेझरचा परतीचा ठिपका लेझरच्या छिद्रात आणला की मुख्य आरसा जुळला, अशी समजूत आहे. पण लेझरचा तिरकेपणा, अ‍ॅडॅप्टरची ढिलाई आणि दुय्यम आरशाची उरलेली चूक हे सगळं त्या परतीच्या ठिपक्यात मिसळतं. निल्स ओलोफ कार्लिन यांनी २००३ मध्ये मांडलेली बार्लोची युक्ती या तिन्हींवर एकदम मात करते.

बार्लोच्या तळाला, म्हणजे आरशाकडच्या तोंडाला, पांढऱ्या कार्डाची चकती लावा आणि तिच्या मध्यात ५-६ मिमीचं छिद्र पाडा. बार्लो फोकसरमध्ये, लेझर बार्लोमध्ये. बार्लोमुळे किरण पसरतो, मुख्य आरशाचा मधला भाग उजळतो, आणि परतणाऱ्या प्रकाशात मध्यखुणेच्या रिंगेची सावली चकतीवर पडते. लेझर जरासा तिरका असला तरी सावली जागची हलत नाही; रिंगेवर प्रकाश पडला की झालं. सावली जवळपास रिंगेच्याच मापाची दिसेल. नळीच्या तोंडातून ती पाहता येते. खोली अंधारी हवी. मागे स्क्रू फिरवताना पुढे बघणं जमत नसेल तर मोबाइल स्टँडवर लावून पडदा आपल्याकडे वळवा.

आता मुख्य आरशाचे लॉक स्क्रू पूर्ण सैल करा आणि तीन कोलिमेशन स्क्रूंनी सावली छिद्राभोवती एककेंद्री करा. इथे चूक दुप्पट होऊन दिसते: सावली ०.७ मिमीने सरकलेली असेल तर अक्ष ०.३५ मिमीने चुकला आहे, आणि एफ/४ ची सूट तिथे संपते. १ मिमी पिचचे एम६ स्क्रू आरशाच्या मध्यापासून ८० मिमीवर असतील तर अष्टमांश फेऱ्याने अक्ष सुमारे ०.८ मिमी आणि सावली दीड मिमीहून जास्त हलते.

मग पायरी ३ तपासा. मुख्य आरसा हलवल्याने दुय्यमवरून येणारा ठिपका जवळपास जागेवरच राहतो, पण खात्री करायला अर्धा मिनिट लागतो. लॉक स्क्रू असलेच तर सावलीकडे बघत बघत, आळीपाळीने, टेकतील एवढेच आवळा. जोर लावून आवळलेला लॉक स्क्रू आरसा हलवतो.

वजनासकट, वर-खाली

वरचं सगळं नळी आडवी ठेवून झालं. फोटो घेताना ती ४० ते ७० अंशांत असते आणि फोकसरला कॅमेरा, फिल्टर व्हील, गायडर (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारणारा छोटा कॅमेरा) लटकलेलं असतं. म्हणून शेवटची जुळणी माउंटवर, दुर्बीण बाहेरच्या तापमानाला आल्यावर, सुमारे ५० अंशांवर करा. मग बार्लोसह लेझर ठेवून नळी क्षितिजाजवळून डोक्यावर न्या, पूर्वेकडून पश्चिमेकडे वळवा आणि सावलीवर लक्ष ठेवा. ती १ मिमीच्या आत फिरत असेल तर दुर्बीण चांगली आहे. एकदम टुणकन उडी मारत असेल तर आरसा आधारांत सरकतोय; हळूहळू वाहत असेल तर स्प्रिंगा किंवा नळी. साध्या लेझरचा ठिपका हलतो पण बार्लोची सावली हलत नाही, असं असेल तर दोष दुय्यम आरसा, स्पायडर किंवा फोकसरकडे शोधा.

ताऱ्यांवर खातरजमा

पहिला फोटो करेक्टरशिवाय घ्या. दाट ताऱ्यांचा भाग, ५-१० सेकंद, नेमका फोकस. न्यूटोनियनच्या कोमात शेपट्या अक्षापासून बाहेर पसरतात, त्यामुळे सगळ्या शेपट्या ज्या बिंदूतून निघाल्यासारख्या दिसतात तो बिंदू म्हणजे मुख्य आरशाचा अक्ष. तो फ्रेमच्या मध्याजवळ आहे का पाहा. एवढ्या सरळपणे उत्तर देणारी दुसरी चाचणी नाही, आणि ती कुठल्याही अवजारावर अवलंबून नाही.

मध्यावरचा तारा किंचित विस्कटून पाहायचा असेल तर फार विस्कटू नका. एफ/४ ला सरकवलेल्या दुय्यम आरशाची सावली मोठ्या चकतीत थोडी बाजूला दिसूच शकते. चार-पाच कडी दिसतील एवढंच फोकस बाहेर न्या. ध्रुवतारा सोयीचा, कारण तो फ्रेममधून पळत नाही. मुख्य आरशाचा स्क्रू फिरवला की तारा सरकतो. निकाल वाचण्याआधी दर वेळी त्याला पुन्हा मध्यात आणा, नाहीतर अक्षाबाहेरचा कोमा बघून भलताच स्क्रू फिरवला जातो.

मग करेक्टर लावा. बहुतेक करेक्टरना सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर लागतं. मध्ये फिल्टर असेल तर त्याच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश अंतर वाढवा. आता कोपरे वाचायचे, आणि कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी दोष कुणाचा ते ठरवायचं.

चारही कोपरे सारखेच बिघडलेले असतील तर ते कोलिमेशन नाही, करेक्टरचं अंतर आहे. संपूर्ण फ्रेमभर तारे एकाच दिशेला लांबट असतील तर आधी गायडिंग बघा, आणि अगदी छोट्या एक्स्पोजरमध्येही तसंच दिसलं तर मुख्य आरसा. एक बाजू किंवा एक कोपरा फोकसबाहेर असेल तर कुठेतरी तिरकेपणा आहे. करेक्टर जागेवर ठेवून फक्त कॅमेरा १८० अंश फिरवा आणि परत फोटो घ्या. खराब कोपरा फोटोत त्याच जागी राहिला, तर तिरकेपणा कॅमेऱ्यातला. तो फोटोच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यात गेला, तर दोष दुर्बिणीकडचा: फोकसरचं झुकणं किंवा दुय्यम आरशाचा कल, म्हणजे पुन्हा पायरी ३. अस्टॅपसारख्या मोफत प्रणालीत फ्रेमच्या वेगवेगळ्या भागांतल्या ताऱ्यांची रुंदी मोजून तिरकेपणा आकड्यात मिळतो. पण एका फोटोवर जाऊ नका; वाऱ्याच्या एका झुळकीनेही आकडे बदलतात.

तेजस्वी ताऱ्याच्या चकतीला बाजूने चावा घेतल्यासारखी खाच असेल, तर ड्रॉ-ट्यूब नळीत जास्त आत येऊन प्रकाशाच्या वाटेत घुसली आहे. तिथे स्क्रू फिरवून काही होत नाही. मुख्य आरसा पुढे सरकवून फोकस बाहेर काढावा लागतो किंवा ट्यूब कापावी लागते. फ्लॅट फ्रेममधला उजेडाचा मध्य फ्रेमच्या मध्यावर नाही म्हणून कोलिमेशन बदलणं हाही असाच भलता उपाय; तो मध्य दुय्यम आरशाच्या जागेचा असतो, अक्षाचा नाही.

सेन्सरखालची टिल्ट प्लेट (सेन्सरचा कल बदलणारी चकती) सर्वांत शेवटी, आणि ती फक्त तेव्हाच, जेव्हा कॅमेरा फिरवल्यावर खराब कोपरा फोटोत जागचा हलला नसेल. दुर्बिणीतली चूक टिल्ट प्लेटने झाकली तर एका स्थितीत फोटो सुधारतो आणि कॅमेरा फिरवला की दुप्पट बिघडतो. गाडीतून नेल्यावर मुख्य आरशाची सावली दर रात्री बघावी लागते, दोन मिनिटांचं काम. दुय्यम आरसा नीट वॉशर घालून बसवला असेल तर त्याला महिनोन्महिने हात लावायची वेळ येत नाही.